ओकिनावाच्या गुहा : युद्ध, भाषा आणि स्मृती

'गुहा' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात बहुधा लेणी येतात. सह्याद्रीचा काळा खडक पाण्याने विरघळणारा नव्हे. नैसर्गिक कपारी सोडल्या तर त्यात पोकळी निर्माण करावयाची म्हणजे माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन ती कोरावयाची. त्यामुळे महाराष्ट्रातील गुहांचा इतिहास हा पुष्कळसा निर्मितीचा इतिहास आहे. त्यात दाते आहेत, कारागीर आहेत, भिक्षू आहेत, शिलालेख आहेत. जपानच्या नैर्ऋत्येस असलेल्या ओकिनावा बेटावरील गुहांचा इतिहास अगदी वेगळ्या जातीचा आहे. तेथील खडक प्रवाळाचा. समुद्रात वाढलेले प्रवाळ कालांतराने वर उचलले गेले आणि त्यांचा सच्छिद्र चुनखडक झाला. पावसाचे पाणी या खडकात मुरते, खालच्या चिकणमातीच्या घट्ट थराशी येऊन अडते, आणि त्या सांध्यावरून वाहता वाहता खडक विरघळवीत पोकळ्या करीत जाते. या पोकळ्यांना तेथील भाषेत 'गामा' म्हणतात. बेटाच्या मध्य आणि दक्षिण भागांत अशा गामा शेकड्यांनी आहेत. वरून पाहणाऱ्यास उसाचे शेत आणि मधोमध झाडांचा एक पुंजका एवढेच दिसते. त्या पुंजक्याखाली जमीन उघडलेली असते.

या गामांशी माणसाचा संबंध फार जुना. बेटाच्या दक्षिणेकडील साकितारी गुहेत शिंपल्यांपासून घडविलेले मासे धरण्याचे गळ सापडले आहेत. ते सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचे असून जगातील अतिप्राचीन गळांत त्यांची गणना होते. पुढील काळात गामा ही पाण्याची जागा झाली, मृतांना ठेवण्याची जागा झाली, देवतेचे स्थान झाली. वादळात आसरा घ्यावा तो तेथेच. बेटावरील माणसाला गामा परकी नव्हती. घराच्या परसासारखी ती परिचित होती. १९४५ च्या वसंतात याच परिचित अंधारात जे घडले, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. आणि तो करताना शस्त्रांपेक्षा शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे लागणार आहे. कारण गामांत कोण जगले आणि कोण मेले, याचा निर्णय अनेकदा कोणती भाषा कोणास येत होती, कोणते सांगणे कोणास खरे वाटले, यावर झालेला आहे.

युद्धाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. ओकिनावाच्या रक्षणासाठी जपानचे ३२ वे सैन्य मार्च १९४४ मध्ये उभारण्यात आले. बेट राखता येणार नाही, हे वरिष्ठांस पुढे कळून चुकले होते. मुख्य जपानी बेटांवरील आक्रमण शक्य तितके लांबवावे, एवढाच या लढाईचा हेतू उरला. १ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्य पश्चिमेकडील हागुशी किनाऱ्यावर उतरले. जूनच्या अखेरीस संघटित प्रतिकार संपला, तोवर दोन लाखांहून अधिक माणसे मरण पावली होती. त्यांत ओकिनावाचे रहिवासी १ लाख २० हजारांहून अधिक, म्हणजे बेटावरील दर चार माणसांमागे जवळजवळ एक. जपानी सैन्याने गामांचा उपयोग तळ, शस्त्रागार आणि रुग्णालय म्हणून केला. नागरिक त्याच गामांत लपले होते. जागा अपुरी पडू लागली तेव्हा नागरिकांना बाहेर तोफांच्या माऱ्यात हाकलण्यात आले. लहान मूल रडले तर शत्रूला सुगावा लागेल म्हणून त्याचा आवाज कायमचा बंद करण्याचे हुकूम झाले. असे प्रसंग वाचलेल्यांच्या साक्षींत पुन:पुन्हा येतात.

हागुशी किनाऱ्याजवळच आजच्या योमितान गावाच्या हद्दीत नामिहिरा नावाची वस्ती आहे. या एकाच वस्तीतील लोक दोन गामांत लपले होते. दोहोंमध्ये एक किलोमीटरचेही अंतर नाही. एकीचे नाव चिबिचिरिगामा, दुसरीचे शिमुकुगामा. चिबिचिरि म्हणजे शेवट तुटलेली. एक लहानसा ओढा या गुहेत शिरतो आणि पुढे कोठे जातो ते कळत नाही, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. तेथे सुमारे १४० माणसे होती. १ एप्रिलला अमेरिकी सैनिक तोंडाशी आले आणि बाहेर येण्यास सांगू लागले. आतल्या काही जणांनी बांबूचे भाले घेऊन त्यांच्यावर धाव घेतली. गोळीबारात ते जबर जखमी झाले. त्यानंतर आत भीतीने घर केले. एका माजी सैनिकाने सायपान बेटावर लोक कसे मेले ते सांगून गाद्या-रजयांना आग लावली. तान्ही मुले असलेल्या चार बायकांनी ती विझविली. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सैनिक पुन्हा आले. एका अठरा वर्षांच्या मुलीने, शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी मला मारून टाक, असे आईला विनविले आणि आईने तसे केले. चीनमध्ये लष्करी सेवा करून परतलेली एक परिचारिका आपल्याजवळील विष टोचून नातलगांना मृत्यू देऊ लागली. पुन्हा आग लावली गेली. या वेळी ती कोणी विझवू शकले नाही. धुराने गुदमरून मरण्यापेक्षा बाहेर गोळी लागून मरू, असे म्हणून जे बाहेर पडले ते वाचले. मृतांची संख्या ८३. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले होती.

शिमुकुगामेत सुमारे १००० माणसे होती. तेथेही सैनिक आले, तेथेही बांबूचे भाले तयार होते. परंतु तेथे हिगा हेइजी आणि हिगा हेइझो असे दोन वयस्क गृहस्थ होते. त्यांनी पूर्वी हवाई बेटांत काम केलेले होते आणि त्यांना इंग्रजी येत असे. अमेरिकी सैनिक सामान्य माणसांना मारीत नाहीत, असे त्यांनी लोकांना समजाविले, भाले खाली ठेवावयास लावले, आणि स्वत: बाहेर जाऊन सैनिकांशी बोलणे केले. मग सर्वजण बाहेर आले. या दोघांच्या स्मरणार्थ गुहेत १९९५ मध्ये शिला बसविण्यात आली आहे.

या दोन गुहांची गोष्ट ओकिनावात नेहमी जोडीने सांगितली जाते आणि अशा जोडीच्या गोष्टीचे जे होते ते तिचेही झाले आहे : ती बोधकथा बनली आहे. इंग्रजी येत होती म्हणून वाचले, येत नव्हती म्हणून मेले, असा तिचा सोपा सारांश काढला जातो. तो अपुरा आहे. हवाईला गेलेले हे लोक कोणी विद्वान प्रवासी नव्हते. १८९९ मध्ये ओकिनावातून शेतमजुरांची पहिली तुकडी निघाली आणि १९०० च्या जानेवारीत हवाईस पोहोचली. त्यानंतर दारिद्र्याने गांजलेली हजारो माणसे त्या वाटेने उसाच्या मळ्यांत गेली. मॉरिशसच्या मळ्यांत गेलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या स्थलांतराची जात चटकन ओळखू येईल. त्या मळ्यांत माणसाने माणसाशी कसे वागावे याचा जो बरावाईट अनुभव या दोघांस आला, तो घेऊन ते परतले होते. चिबिचिरिगामेतील माजी सैनिक आणि परिचारिका हीही परदेश पाहून आलेली माणसे होती. त्यांनी पाहिलेला परदेश म्हणजे जपानी सैन्याच्या ताब्यातील चीन. जिंकलेल्या गावांतील स्त्रियांचे, मुलांचे काय केले जाते, हे चीनच्या आघाडीवरून आलेल्यांना माहीत होते. शत्रू आपले हाल करील, असे जे त्यांनी सांगितले ते केवळ प्रचारपत्रकांवरून नव्हे. स्वत:च्याच सैन्याचे वर्तन त्यांनी शत्रूच्या ठिकाणी कल्पिले. चीनमध्ये घडलेले क्रौर्य अशा वळणाने चिबिचिरिगामेत येऊन पोहोचले. ओकिनावाच्या युद्धासंबंधी जे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात या मुद्द्याकडे हवे तितके लक्ष दिले गेलेले नाही.

भाषेचा प्रश्न मात्र इंग्रजीपुरता मर्यादित नव्हता. र्‍युक्यूचे स्वतंत्र राज्य १८७९ मध्ये जपानने खालसा केले. त्या राज्याला स्वत:ची साहित्यपरंपरा होती. 'ओमोरो सोशी' या प्राचीन गीतांच्या संग्रहाचे संकलन १५३१ ते १६२३ या काळात राजदरबाराकडून झाले होते. खालसा झाल्यानंतर शाळांतून प्रमाण जपानी आली आणि ओकिनावी बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविण्याची प्रथा सुरू झाली. या पाटीला 'होगेन-फुदा', म्हणजे बोलीची पाटी, असे नाव होते. ज्याच्या गळ्यात ती असे, त्याने दुसरा अपराधी शोधून ती त्याच्या गळ्यात घालावयाची. (मातृभाषेत बोलल्याबद्दल इंग्रजी शाळेत दंड भरलेल्या भारतीय वाचकांस यावर अधिक सांगावयास नको.) १९४० मध्ये लोककलांचे अभ्यासक यानागी मुनेयोशी ओकिनावात आले असता त्यांनी या सक्तीवर टीका केली. शिक्षणखात्याने त्यांस उत्तर दिले, आणि वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. बाहेरून आलेला रसिक बोलीचे सौंदर्य सांगतो, पण त्या बोलीमुळे मुख्य भूमीवर नोकरी करताना होणारा अपमान त्याला सोसावा लागत नाही, असा स्थानिकांपैकी काहींचा आक्षेप होता. तो सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणवत नाही.

पाच वर्षांत या वादाला वेगळेच वळण लागले. ९ एप्रिल १९४५ रोजी, चिबिचिरिगामेतील घटनेला आठवडा होतो न होतो तोच, ३२ व्या सैन्याने आदेश काढला : ओकिनावी भाषेत बोलणाऱ्यास हेर समजून शासन केले जाईल. या 'शासना'चा अर्थ सर्वांना कळत होता. गामेत लपलेल्या एखाद्या आजीला तिच्या एकमेव भाषेत नातवाला हाक मारणे हा देहदंडाचा गुन्हा झाला. शाळेतील पाटी आणि हा आदेश यांत अंतर किती, असा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने स्वत:ला अवश्य विचारावा. एकीत लाज आहे, दुसऱ्यात मृत्यू. पण भाषेवरून माणसाची निष्ठा मोजण्याची रीत दोहोंत एकच आहे.

आणि त्याच वेळी गुहेच्या तोंडाशी वेगळे काही घडत होते. अमेरिकी सैन्यात हवाईचे काही दुभाषे होते. ते ओकिनावी स्थलांतरितांचे पुत्र. त्यांपैकी ताकेजिरो हिगा यांचा जन्म हवाईतला, परंतु बालपण ओकिनावात गेलेले. ९६ व्या पायदळ विभागाबरोबर ते बेटावर उतरले आणि गामांपाशी जाऊन आतल्या लोकांना बाहेर येण्यासाठी विनवू लागले. जपानीत, आणि ओकिनावीतही. जी भाषा बोलल्याबद्दल आतले सैनिक मारतील, त्या भाषेत बाहेरून शत्रू हाक मारीत होता. ऐकणाऱ्यांच्या मनात त्या क्षणी काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण आहे. परंतु आजीच्या बोलीतील त्या हाकेवर विश्वास ठेवून अनेकजण बाहेर आले, एवढे निश्चित.

दक्षिणेकडील इहारा येथील गुहेचे नाव जपानमध्ये सर्वतोमुखी झाले ते 'हिमेयुरी' या शब्दामुळे. ओकिनावाच्या अध्यापक विद्यालयाचा स्त्रीविभाग आणि पहिली कन्याशाळा ही एकाच आवारात होती. मार्च १९४५ मध्ये या दोन संस्थांतील २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक यांना हाएबारू येथील लष्करी रुग्णालयात शुश्रूषेसाठी नेण्यात आले. हे रुग्णालय टेकडीत हाताने खणलेल्या भुयारांत होते. मेअखेर सैन्य दक्षिणेकडे हटले तेव्हा चालू न शकणाऱ्या जखमींना विष देण्यात आले, आणि मुली पावसातून, चिखलातून चालत दक्षिणेच्या गामांत आल्या. १८ जूनला त्यांना पथक विसर्जित झाल्याचे सांगण्यात आले : आता ज्याने त्याने आपले पाहावे. दुसऱ्या दिवशी पहाटे इहाराच्या गुहेत अमेरिकी सैन्याचे गॅसचे बाँब पडले. आत शंभराच्या आसपास माणसे होती, त्यांपैकी ऐंशीहून अधिक मेली. पथकातील २४० पैकी १३६ जणांचा युद्धात मृत्यू झाला. त्यांतील शंभरांहून अधिक त्या विसर्जनानंतरच्या थोड्या दिवसांत. शरण जाण्याची मुभा मात्र विसर्जनाच्या हुकुमात नव्हती.

'हिमेयुरी' हे एका लिलीच्या जातीचे नाव आहे, त्यामुळे रणांगणावर खुडलेल्या फुलांची प्रतिमा लोकांच्या मनात सहज रुजली. वस्तुत: हा शब्द एका मासिकापासून आला आहे. दोन शाळांची 'ओतोहिमे' आणि 'शिरायुरी' अशी दोन नियतकालिके होती. त्यांच्या नावांचे अर्धे अर्धे भाग जोडून हे नाव तयार झाले. परंतु १९४९-५० च्या सुमारास इशिनो केइइचिरो यांची कादंबरी आली, १९५३ मध्ये इमाई तादाशी यांचा चित्रपट आला, आणि फुलांची प्रतिमा पक्की झाली. देशासाठी निर्मळपणे प्राण देणाऱ्या कुमारिका असे या मुलींचे चित्र मुख्य भूमीवरील जपानी प्रेक्षकाला रडावयास सोयीचे होते. त्या रडण्यात, या मुलींना तेथे कोणी नेले, हा प्रश्न वाहून गेला.

या प्रतिमेविरुद्ध ज्यांनी जन्मभर चिकाटीने काम केले त्यांत नाकासोने सेइझेन यांचे स्थान वेगळे आहे. ते या पथकाबरोबर गेलेले एक शिक्षक. बेटाच्या दक्षिण टोकाला क्यान किनाऱ्यावर ते बारा विद्यार्थिनींसह अडकले. सैनिक चहूबाजूंनी आले तेव्हा मुली हातबाँब फोडण्याच्या तयारीत होत्या. नाकासोने यांनी त्यांना तसे करू दिले नाही. त्या जगल्या. १९५१ मध्ये त्यांनी वाचलेल्यांची कथने एकत्र करून पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील गद्य कोरडे आहे, आणि तो कोरडेपणा हाच त्याचा गुण. १९८९ मध्ये इहाराच्या गुहेशेजारी संग्रहालय उघडले, त्याचे ते पहिले संचालक. पण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांची दुसरी ओळखही ध्यानात ठेवावी : ते भाषाशास्त्रज्ञ होते. आपल्या जन्मगावाच्या, नाकिजिनच्या, बोलीचा कोश त्यांनी अनेक वर्षे खपून तयार केला. तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४५ मध्ये जिच्यातील प्रत्येक शब्द हेरगिरीचा पुरावा ठरू शकत होता, त्या बोलीचे शब्द हा माणूस एकेक करून नोंदवीत होता. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये युनेस्कोने ओकिनावी भाषेची नोंद संकटग्रस्त भाषांत केली.

चिबिचिरिगामेच्या बाबतीत मात्र शब्द सापडण्यास अडतीस वर्षे लागली. गावात सर्वांना ठाऊक होते, आणि कोणी बोलत नव्हते. मारणारे आणि मेलेले एकाच घरातील होते. बोलणार कोण आणि कोणाविरुद्ध? १९८३ मध्ये लेखक शिमोजिमा तेत्सुरो आणि गावातील चिबाना शोइची आदी मंडळींनी घरोघर जाऊन विचारपूस सुरू केली, तेव्हा कोठे मृतांची नावे, वये, नाती कागदावर येऊ लागली.

पण जे घडले त्याला म्हणावयाचे काय? प्रचलित शब्द 'शुदान जिकेत्सु', म्हणजे सामूहिक आत्महत्या. हा शब्द युद्धकाळातील नव्हे. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 'ओकिनावा टाइम्स'ने संपादित केलेल्या 'तेत्सु नो बोफू' या युद्धवृत्तान्तात तो आला, आणि तो आपण योजिला असे त्याच्या लेखकांपैकी ओता र्‍योहाकु यांनी पुढे सांगितले. 'जिकेत्सु' या पदात स्वत:चा निर्णय स्वत: घेण्याचा, थोडाफार वीरवृत्तीचा ध्वनी आहे. पाच वर्षांच्या मुलाने असा कोणता निर्णय घेतला? म्हणून पुढील अभ्यासकांनी 'सक्तीचा सामूहिक मृत्यू' असा शब्दप्रयोग पुढे आणला. जपानी सरकारच्या शिक्षणखात्याने २००७ मध्ये शालेय इतिहासाच्या पुस्तकांतून या मृत्यूंमागील लष्कराच्या सक्तीचा उल्लेख काढावयास लावला. त्याविरुद्ध २९ सप्टेंबर २००७ रोजी गिनोवान येथे सभा झाली; आयोजकांच्या मते तिला १ लाख १० हजार माणसे होती. लष्कराच्या सहभागाचा उल्लेख वर्षअखेरीस काही अंशी परत आला, 'सक्ती' हा स्पष्ट शब्द आला नाही. याच सुमारास केन्झाबुरो ओए यांच्यावर खटला चालू होता. त्यांच्या 'ओकिनावा नोट्स' (१९७०) या पुस्तकात झामामी व तोकाशिकी बेटांवरील मृत्यूंची जबाबदारी लष्कराकडे दाखविली होती, म्हणून तेथील एक माजी सेनाधिकारी आणि दुसऱ्याचे बंधू यांनी २००५ मध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. २००८ मध्ये ओसाकाच्या दोन्ही न्यायालयांनी तो फेटाळला, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. लष्कराचा या घटनांशी खोल संबंध होता, हे न्यायालयाने मान्य केले. लेखी हुकूम सापडला नाही म्हणून हुकूम नव्हताच, हा युक्तिवाद टिकला नाही. आधीच वाटलेला हातबाँब हाही एक प्रकारचा हुकूमच असतो.

साक्ष देणाऱ्याचे बोलणे कितपत खरे, या अवघड प्रश्नाला हात घातला तो एका कथाकाराने. मेदोरुमा शुन यांच्या 'सुइतेकी' (थेंब) या कथेस १९९७ चा आकुतागावा पुरस्कार मिळाला. तोकुशो नावाच्या वृद्धाचा पाय एका सकाळी कोहळ्यासारखा सुजतो आणि अंगठ्यातून पाणी ठिबकू लागते. रोज रात्री भिंतीतून मृत सैनिक येतात, रांग लावून ते पाणी पितात. ज्यांना तोकुशोने गुहेत तहानलेले सोडले, तेच हे. त्यांत इशिमिने हा त्याचा मित्रही आहे. त्याच्या वाट्याचे पाणी तोकुशोने स्वत: पिऊन टाकले होते. चुनखडकाच्या गुहेत पाणी सतत ठिबकत असते, आणि जखमी माणसे पाणी पाणी करीत मरतात. या दोन साध्या गोष्टींतून लेखकाने कथा उभी केली आहे. पण तिचा खरा रोख दुसरीकडे आहे. हा तोकुशो दरवर्षी शाळांतून युद्धाचे अनुभव सांगत असतो. ऐकणाऱ्यांना काय हवे ते ओळखून त्याने आपली कहाणी घोळून घोळून रुचकर केलेली आहे, आणि मानधनही घेतो. खोटे सांगून पैसे घेशील तर भोगशील, असे त्याची बायको उशी त्याला बजावते. तिकडे त्याचा चुलतभाऊ ते पायातले पाणी केस उगविणारे औषध म्हणून विकून मोकळा होतो. ज्या बेटावर युद्धसाक्ष ही पवित्र वस्तू मानली जाते, तेथे असे लिहिण्यास धैर्य लागते. मेदोरुमा साक्षींची थट्टा करीत नाहीत. सांगता सांगता गोष्ट गुळगुळीत होत जाते आणि न सांगितलेला भाग अंगात साठून राहतो, एवढेच ते दाखवितात. हिमेयुरीच्या फुलांवर याहून कठोर समीक्षा क्वचितच झाली असेल.

इतोकाझु येथील आबुचिरागामा आज पाहता येते. सुमारे २७० मीटर लांबीची ही गुहा आधी गावकऱ्यांचा आसरा होती, मग सैन्याचा तळ झाली, मग हाएबारूच्या रुग्णालयाची शाखा. एके काळी येथे सहाशेहून अधिक जखमी होते. आतील शेवटची माणसे बाहेर आली ती २२ ऑगस्ट १९४५ रोजी, जपानने शरणागती जाहीर केल्यावर आठवड्याने. शैक्षणिक सहलींतील मुले शिरस्त्राण घालून, विजेरी घेऊन, वाकून आत उतरतात. वाट निसरडी, छतातून पाणी टपकत असते. मध्यभागी आल्यावर वाटाड्या सर्वांना विजेऱ्या बंद करावयास सांगतो, आणि मग काही क्षण स्वत:चा हातही दिसत नाही. त्या अंधारात मुलांनी काय ऐकावे हे वाटाड्या सांगत नाही. तो गप्प राहतो.

चिबिचिरिगामेच्या आतल्या भागात जाता येत नाही. तेथे अद्याप अस्थी आहेत, आम्हांस ते थडगे आहे, कृपा करून आत जाऊ नये, अशी मृतांच्या कुटुंबीयांची विनंती आहे. तोंडाशी कागदी बगळ्यांच्या माळा असतात. १९८७ मध्ये शिल्पकार किंजो मिनोरू यांनी कुटुंबीयांसह येथे शिल्प उभारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या वेळी चिबाना शोइची यांनी योमितानच्या मैदानावरील जपानी ध्वज उतरवून जाळला. त्याचा सूड म्हणून नोव्हेंबरात हे शिल्प फोडण्यात आले. ते पुन्हा उभे राहिले १९९५ मध्ये. सप्टेंबर २०१७ मध्ये पुन्हा मोडतोड झाली. या वेळी पकडली गेली ती ओकिनावाचीच चार मुले, सोळा ते एकोणीस वर्षांची. धाडस पाहावयास आलो होतो, असे त्यांनी सांगितले. त्यांना गुहेचा इतिहास नीट माहीत नव्हता. कुटुंबीयांना या अज्ञानाचा धक्का मोडतोडीहून मोठा होता. पुढे या मुलांनी किंजो यांच्या मार्गदर्शनाखाली लहान लहान बुद्धमूर्ती घडवून गुहेपाशी ठेवल्या.

दक्षिणेकडील गामांतून अजूनही अस्थी निघतात. गुशिकेन ताकामात्सु अनेक दशके हे काम स्वयंसेवी वृत्तीने करीत आले आहेत. त्यांच्या गटाचे नाव 'गामाफुया', म्हणजे ओकिनावी भाषेत गामा खणणारा. २०२० मध्ये हेनोको येथील नव्या अमेरिकी तळाच्या भरावासाठी दक्षिणेकडील इतोमान आणि याएसे भागांतून दगडमाती घेण्याचा विचार सरकारी आराखड्यात समाविष्ट झाला, तेव्हा मार्च २०२१ मध्ये त्यांनी नाहा येथे उपोषण केले. त्या मातीत हाडांचे तुकडे आणि प्रवाळाचे तुकडे एकत्र मिसळलेले असतात, आणि अननुभवी डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. ते हातात घेऊन वेगळे कसे ओळखावेत, हे गुशिकेन भेटीस आलेल्यांना शिकवितात.